इंग्रजीतील लहान शब्दांना इतके अर्थ का असतात आणि ते कसे ओळखावेत?

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि आता कार्यालयातील इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, मोठा, अवघड शब्द कोशात पाहिला की त्याचा अर्थ एकदाचा कळतो. परंतु ‘रन’, ‘सेट’, ‘गेट’, ‘अप’, ‘ऑफ’ असा एखादा लहानसा शब्द पाहायला गेले, तर पानेच्या पाने अर्थ समोर येतात आणि गोंधळ उलट वाढतो, असे का होते? त्यांनी एका बैठकीच्या इतिवृत्तातील वाक्य सोबत दिले आहे: ‘दे रॅन आउट ऑफ टाइम, सो दे सेट द मॅटर असाइड अँड गॉट ऑन विथ द रेस्ट.’ यातील प्रत्येक शब्द त्यांना येतो, तरीही शेवटी सर्वांनी विश्रांती घेतली असावी, असा अर्थ त्यांनी लावला.

कायदा, वैद्यक आणि प्रशासन या क्षेत्रांतील मजकुराचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर मी अनेक वर्षे करीत आले आहे आणि ते शिकवतेही. माझा अनुभव असा की, भाषांतरातील गंभीर चुका अवघड शब्दांवर फार क्वचित होतात. ‘ज्युरिस्डिक्शन’ हा शब्द अडला की विद्यार्थी मुकाट्याने कोश उघडतो, ‘अधिकारक्षेत्र’ हा प्रतिशब्द टिपून घेतो आणि पुढे जातो. चूक होते ती ‘रेस्ट’सारख्या शब्दावर, कारण तो पाचवीपासून येत असतो आणि येणाऱ्या शब्दासाठी कोणी कोश उघडत नाही. त्यामुळे आपला प्रश्न मला अगदी मुळाशी जाणारा वाटतो आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

आधी आपल्याच भाषेतील एक क्रियापद घेऊ. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, कामाला वेळ लागतो, घराला पैसे लागतात, मुलाला नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, गंजीला आग लागते, संध्याकाळी दिवे लागतात, दुपारी डोळा लागतो, वाचनाचा नाद लागतो, फोन लागत नाही, भाजी तिखट लागते, वाटेत नदी लागते, पाहुणा नात्याने मामा लागतो, मूल बोलू लागते आणि नको असताना कुठेतरी जावे लागते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ‘लागणे म्हणजे काय’ असे विचारले, तर आपण उत्तर देऊ शकणार नाही. पण यांतील एकाही वाक्यावर आपण स्वतः कधी अडखळत नाही. त्याचे कारण असे की, ‘लागणे’ हा शब्द आपण कधी एकटा शिकलोच नाही. ‘भूक लागणे’ हे एक, ‘निकाल लागणे’ हे दुसरे, अशा जोड्या कानावर पडत गेल्या आणि त्या तशाच रुजल्या. एवढेच नव्हे, तर जोडीतील विभक्तीचा प्रत्यय बदलला की अर्थ बदलतो, हेही आपल्याला न शिकवता कळते. ‘त्याचा डोळा लागला’ म्हणजे त्याला झोप लागली आणि ‘त्याच्या डोळ्याला लागले’ म्हणजे इजा झाली. या दोन्हींत कोणीही घोटाळा करीत नाही. यापैकी बहुतेक अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे एक वस्तू दुसरीला येऊन भिडण्याची, चिकटण्याची. संस्कृतातील ‘लग्’ धातूचा अर्थ तोच आहे आणि ‘लग्न’ हा शब्दही त्यातूनच आलेला आहे.

लहान इंग्रजी शब्दांबाबत मला जे सांगायचे आहे, ते जवळजवळ सगळे या एका उदाहरणात आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या पोटात नसतो, तो त्याच्या सोबत्यांमुळे ठरतो. म्हणून ‘रन म्हणजे काय’ हा प्रश्नच सोडून द्यावा आणि ‘या नामाशेजारी बसलेले रन काय करते आहे’ असा प्रश्न विचारावा.

आता या अर्थांचा पसारा खरोखर किती आहे, ते पाहू. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड बृहत्कोशाच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तीत सुमारे ४३० अर्थ दिलेले होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची, म्हणजे एका लहान पुस्तकाएवढी होती. पुढे कोशाच्या फेरसंपादनात ‘रन’ या क्रियापदाने तिला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका शब्दावर सुमारे नऊ महिने काम केले आणि ६४५ अर्थ वेगळे काढले. हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्यात शतकांपूर्वी प्रचारातून गेलेले अर्थ आहेत, जहाजावरील आणि कारखान्यांतील विशिष्ट प्रयोग आहेत आणि ‘रन’ला जोडून येणाऱ्या शब्दांनी बनलेले वाक्प्रचारही आहेत. नित्याच्या वाचनात यांपैकी फार थोडे अर्थ पुन्हा पुन्हा भेटतात.

अर्थांची ही गर्दी लहान शब्दांवरच का होते, याची कारणे भाषेच्या वापरात आणि इतिहासात आहेत. जॉर्ज किंग्झ्ली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात दाखवून दिले की, शब्द जितका अधिक वापरात असतो, तितका तो आखूड असण्याकडे भाषेचा कल असतो. आणि १९४५ मध्ये त्याने असे मांडले की, शब्दाच्या अर्थांची संख्या साधारणपणे त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. रोज हाताशी असलेले अवजार माणूस नव्या कामालाही वापरतो, तसेच हे आहे. जो शब्द जिभेवर आधीच आहे, त्यालाच नव्या अर्थाचे काम सांगितले जाते.

इंग्रजीच्या इतिहासाने यात आणखी भर घातली. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभाराची, न्यायाची आणि शास्त्राची परिभाषा फ्रेंच आणि लॅटिनकडे गेली, तर उठणे-बसणे, देणे-घेणे, ठेवणे-उचलणे यांचे शब्द जुन्या लोकभाषेचेच राहिले. त्यांतील ‘गेट’ आणि ‘टेक’ हे तर त्याहूनही आधी उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतून इंग्रजीत शिरलेले आहेत. पुढे शब्दांचे प्रत्यय झिजले आणि नाम व क्रियापद दिसायला एकसारखे झाले. मराठीत ‘धाव’ आणि ‘धावणे’ यांत फरक दिसतो, इंग्रजीत दोन्हींना ‘रन’ म्हणतात. ‘सेट’ तर वर्तमानकाळात, भूतकाळात, नाम म्हणून आणि विशेषण म्हणूनही रूप बदलत नाही. शिवाय ‘ठेवणे’ या अर्थाचे जुने इंग्रजी क्रियापद आणि ‘गट, संच’ या अर्थाचे फ्रेंचमधून आलेले नाम ही दोन वेगळ्या उगमांची रूपे या एकाच शब्दात मिसळून गेली आहेत.

तिसरे कारण संस्कृताची ओळख असलेल्या मराठी वाचकाला चटकन पटेल. ‘हृ’ या एका धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात. उपसर्ग धातूचा अर्थ जणू बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असे आपल्या वैयाकरणांनी म्हटले आहे. जुन्या इंग्रजीतही क्रियापदाला पुढून उपसर्ग लावण्याची पद्धत जोमात होती; ‘अंडरस्टँड’, ‘फर्गिव्ह’, ‘विदस्टँड’ हे शब्द त्या पद्धतीचे अवशेष होत. पुढे ती पद्धत मंदावली आणि तेच काम क्रियापदाच्या मागून, सुटे राहून येणाऱ्या ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ या शब्दांनी उचलले. ‘ब्रेक डाउन’ म्हणजे बंद पडणे, ‘ब्रेक आउट’ म्हणजे साथ किंवा आग अचानक उद्भवणे, ‘ब्रेक ऑफ’ म्हणजे बोलणी तोडणे, ‘ब्रेक इन’ म्हणजे दार फोडून आत शिरणे. या प्रयोगांत ‘ब्रेक’ हा धातू आहे आणि मागचा शब्द म्हणजे सुटा झालेला उपसर्ग. ‘प्रहार’ वाचताना आपण ‘प्र’ आणि ‘हार’ यांचे अर्थ वेगवेगळे लावत नाही. त्याच न्यायाने ‘ब्रेक आउट’ हा एकच शब्द म्हणून वाचावा. लिहिताना मधे सोडलेली जागा दिशाभूल करते.

या सुट्या उपसर्गांपैकी ‘अप’वर थोडे थांबते, कारण सर्वाधिक घोटाळा तोच करतो. ‘वर’ हा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. परंतु ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘टेअर अप’ यांत काहीही वर जात नाही; तिथे क्रिया पूर्णत्वाला जाते. मराठीत हे काम संयुक्त क्रियापद करते: खाऊन टाक, वापरून टाक, फाडून टाक. ‘टाकणे’ या क्रियापदाने येथे फेकण्याचा अर्थ जसा सोडलेला असतो, तसाच ‘अप’ने वरच्या दिशेचा अर्थ सोडलेला असतो. ‘फाइंड आउट’मधील ‘आउट’चे काम ‘शोधून काढणे’मधील ‘काढणे’ करते. हे साम्य ध्यानात आल्यापासून माझ्या विद्यार्थ्यांच्या भाषांतरात खरा फरक पडलेला मी पाहिला आहे, कारण ‘अप’साठी शब्द शोधत बसण्याऐवजी ते मराठी क्रियापदाचे शेपूट बदलू लागले. ‘ऑफ’चेही असेच आहे. ‘द लाइट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा गेला, पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला. एकाच शब्दाचे हे दोन उलट अर्थ वाटतात. परंतु ‘ऑफ’ म्हणजे असलेल्या स्थितीपासून सुटणे, एवढे धरले तर दोन्ही सुसंगत होतात. दिवा पेटलेल्या स्थितीतून सुटला आणि गजर शांत, दबा धरून बसलेल्या स्थितीतून सुटला. बंदुकीतून गोळी ‘सुटते’ असे आपणही म्हणतो.

आता ‘रन’कडे वळू. नदी रन होते, नळ रन होतो, नाक रन होते, कपड्याचा रंग रन होतो, बस दोन गावांमध्ये रन होते, यंत्र रन होते, माणूस दुकान रन करतो, उमेदवार निवडणुकीत रन करतो, वर्तमानपत्र बातमी रन करते, मुदत रन होते आणि एखादा आजार घराण्यात रन होतो. मराठीत येथे अनुक्रमे वाहणे, चालू असणे, गळणे, सुटणे, धावणे, चालणे, चालवणे, उभे राहणे, छापणे, चालू असणे आणि आनुवंशिक असणे असे वेगवेगळे शब्द येतील. मूळ कल्पना मात्र एकच आहे: न थांबता, एका मार्गाने पुढे सरकत राहणे. यंत्रयुगाने, रेल्वेने आणि अलीकडे संगणकाने या कल्पनेला नवी कामे दिली आणि अर्थ वाढत गेले. एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. इंग्रजीत दुकान, घड्याळ, यंत्र, करार हे सगळे ‘धावतात’ आणि मराठीत तेच सगळे ‘चालतात’. म्हणजे जिथे माणूस किंवा जनावर प्रत्यक्ष पायांनी पळत नाही, तिथे ‘रन’ला ‘चालणे’ हा प्रतिशब्द आधी लावून पाहावा. तो अनेकदा बसतो. तो बसत नाही, अशा जागाही आहेत. न्यायालयाच्या निकालपत्रात ‘द सेन्टन्सेस शॅल रन कन्करंटली’ असे असते, तेव्हा दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत, असे लिहावे लागते. तिथे ‘चालतील’ हा शब्द अपुरा आहे, कारण आरोपीला किती वर्षे तुरुंगात काढायची, हे त्या एका वाक्यावर अवलंबून असते.

मूळ कल्पना शोधण्याची ही पद्धत एका ठिकाणी फसते आणि त्याबद्दल सावध करणे आवश्यक आहे. काही वेळा दोन वेगळे शब्द केवळ उच्चाराने एक झालेले असतात. मराठीतील ‘नाव’ घ्या. माणसाचे नाव ‘नाम’पासून आले आणि पाण्यातील नाव ‘नौ’पासून, त्यांच्यात नाते शोधणे व्यर्थ आहे. याउलट झाडाचे पान, वहीचे पान आणि जेवणाचे पान हे एकाच शब्दाचे विस्तार आहेत. अशा विस्ताराला मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये जे नाव दिले, त्याला आपण अनेकार्थता म्हणतो. इंग्रजीत ‘लेट’ हे ‘नाव’सारखे आहे. ‘होऊ देणे’ या अर्थाचा ‘लेट’ सर्वांना येतो. परंतु आपल्या भारतीय पारपत्राच्या आतील पानावर, राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत, धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे असे छापलेले असते आणि तिथे ‘लेट’ म्हणजे अडथळा. जुन्या इंग्रजीत ही दोन निरनिराळी क्रियापदे होती, पुढे स्वर झिजून ती एकसारखी झाली. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की पुकारला जाणारा ‘लेट’ही अडथळ्याच्याच घराण्यातील मानला जातो.

‘फास्ट’ मात्र वरवर ‘नाव’सारखा वाटतो आणि प्रत्यक्षात ‘पान’सारखा निघतो. त्याचा मूळ अर्थ घट्ट, पक्का असा आहे. कापडाचा ‘फास्ट’ रंग म्हणजे पक्का रंग, ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपेत. घट्ट, नेटाने, जोराने, वेगाने असा अर्थ सरकत गेला आणि त्यातून वेगाचा अर्थ आला; व्रताचा नियम घट्ट पाळणे यावरून उपवासाचा अर्थ आला आणि सकाळी उपवास मोडतो म्हणून ‘ब्रेकफास्ट’ झाला. हे केवळ मनोरंजन नाही. रक्ततपासणीपूर्वीच्या सूचनांचा एक मराठी मसुदा माझ्याकडे तपासण्यासाठी आला होता. ‘फास्ट फॉर ट्वेल्व्ह अवर्स’ या वाक्याचे भाषांतर त्यात ‘बारा तासांच्या आत त्वरेने यावे’ असे झाले होते. मसुदा छापण्यापूर्वी ही चूक दुरुस्त झाली, अन्यथा रुग्ण भरल्या पोटी तपासणीला गेले असते. ‘त्वरेने’ हा अर्थ त्या भाषांतरकाराला शाळेपासून येत होता आणि म्हणूनच त्याला शंका आली नाही.

मराठीत आधीच आलेले इंग्रजी शब्द ही आणखी एक अडचण आहे. उसना घेतलेला शब्द आपले सगळे अर्थ घेऊन येत नाही. एक-दोन घेऊन येतो आणि इथे आल्यावर नवे मिळवतो. आपल्याकडे दागिन्यांचा सेट असतो, चित्रीकरणाचा सेट असतो आणि मुलगा नोकरीत सेट होतो. ‘कटिंग’ म्हणजे अर्धा कप चहा, हा अर्थ तर मुंबईच्या टपरीवर जन्मला. या शब्दांची मराठीतील ओळख इतकी पक्की असते की, इंग्रजी वाक्य वाचताना तीच प्रथम मनात येते. म्हणून ज्या इंग्रजी शब्दांना मराठीत घर मिळालेले आहे, त्यांच्याकडे अधिक संशयाने पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

कोश पाहण्याच्या पद्धतीबद्दलही सांगितले पाहिजे. ऑक्सफर्डचा बृहत्कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतो, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी. शिकणाऱ्याला त्याचा थेट उपयोग कमी. अन्यभाषक विद्यार्थ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश निराळे असतात. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना ए. एस. हॉर्न्बी यांनी सहकाऱ्यांसह असा कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. शब्द वाक्यात कोणत्या साच्यात बसतो, हे सांगण्यावर त्या परंपरेतील कोशांचा भर असतो. असा कोश उघडताना आपल्या वाक्यातील कर्ता आणि कर्म कोण आहे, क्रियापदामागे ‘अप’, ‘ऑन’, ‘विथ’ असे काही आहे का, हे आधी हेरून ठेवावे आणि मग अर्थ वाचण्याऐवजी उदाहरणे वाचत जावे. आपल्या वाक्यासारखे उदाहरण सापडले की थांबावे. वहीत टिपायचे ते उदाहरण, सुटा शब्द नव्हे. ‘रन: पळणे, वाहणे, चालवणे’ अशी यादी मी पाठ करू देत नाही, कारण परीक्षा संपली की ती विरून जाते आणि तोवर ती चुकीचा आत्मविश्वास देते.

आता आपले वाक्य घेऊ. ‘रॅन आउट ऑफ’च्या मागे ‘टाइम’ आहे. वेळ, साखर, पैसा, इंधन असे काहीही या साच्यात आले की अर्थ संपण्याचा, न पुरण्याचा होतो. ‘सेट असाइड’मध्ये कर्म कोणते, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे राखून ठेवले. वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्द ठरवला. बैठकीत चर्चेचा विषय ‘सेट असाइड’ केला म्हणजे तूर्त बाजूला ठेवला. येथे बैठक आणि विषय आहे, म्हणून तिसरा अर्थ. ‘गेट ऑन’ एकटे असते तर गाडीत चढणे किंवा एखाद्याशी पटणे असे अर्थ संभवले असते. ‘गेट ऑन विथ’च्या मागे काम आले की ते काम पुढे नेणे असा अर्थ होतो. राहिला ‘रेस्ट’. हा ‘नाव’सारखा शब्द आहे: विश्रांतीचा ‘रेस्ट’ जुन्या इंग्रजीतील आणि उरलेल्या भागाचा ‘रेस्ट’ फ्रेंचमधून आलेला, मुळात लॅटिन. दुसरा बहुधा ‘द’ घेऊन येतो आणि आपल्या वाक्यात ‘द’ आहेच. तेव्हा आपल्या इतिवृत्तातील त्या मंडळींनी विश्रांती घेतलेली नाही. त्यांना वेळ पुरला नाही, म्हणून तो विषय बाजूला ठेवून ते उरलेल्या कामाला लागले.